यंत्राला जात नसते, पण यंत्राचा प्रोग्रॅम कोण लिहितो?

गेल्या वर्षी आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गातल्या एका तरुणाला फर्निचरच्या कारखान्यात काम लागले. मुलगा बारावी झालेला, वडील बांधकामावर सेंट्रिंगला जाणारे. "सीएनसीवर लागलो दादा," असे त्याने सांगितले तेव्हा आम्हाला अभिमान वाटला. विहारात पेढे वाटले गेले. संगणकावर चालणारे यंत्र, म्हणजे आपला पोरगा एकदाचा घमेल्या-फावड्यातून सुटला, असे सगळ्यांनाच वाटले.

सहा महिन्यांनी आमचे त्या कारखान्यात जाणे झाले. मोठ्या टेबलावर आठ बाय चारची एमडीएफची शीट लावलेली होती. तिच्यावर पुलासारखी आडवी चौकट सरकत होती आणि त्या चौकटीतली मोटर कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात देवघराची जाळी कोरत होती. आमचा तरुण नाकाला रुमाल बांधून भुसा झाडत उभा होता. शीट उचलून टेबलावर लावायची, क्लॅम्प आवळायचे, काम झाले की तुकडे काढायचे आणि भुसा पोत्यात भरायचा, हे त्याचे काम. डिझाइन पलीकडच्या काचेच्या खोलीत होत होते. तिथून पेनड्राइव्ह यायचा, तो ऑपरेटर लावायचा. आम्ही विचारले, तू संगणकावर कधी बसतोस? तो म्हणाला, "कॉम्प्युटरले हात नाही लावू देत दादा. तुह्यं काम शीट लावाचं, म्हणते शेठ."

हा प्रश्न एका कारखान्याचा किंवा एका शेठचा असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ही काचेची भिंत या यंत्राच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे. ती कोणी बांधली, का बांधली आणि कुठे कुठे ती पाडली गेली, हा इतिहास आपल्या समाजातल्या तरुणांना माहीत असला पाहिजे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी यंत्र समजून घेऊ

सुताराकडे वाकस, रंधा, पटाशी, किंकरे, करवत, गिरमिट अशी हत्यारे असतात. लाकडात खाच पाडायला, कडा गोल करायला, नक्षी उठवायला पटाशी आणि किंकरे लागते. हेच काम जोरात फिरणाऱ्या पात्याने करणारे विजेचे हत्यार म्हणजे राउटर. ते हातात धरून चालवले तर हात सुताराचाच लागतो. हात थरथरला तर लाकूड वाया जाते.

सीएनसी राउटरमध्ये हा हात काढून टाकलेला असतो. मोटर एका चौकटीत बसवतात. ती टेबलाच्या लांबीत, रुंदीत आणि वर-खाली अशा तीन दिशांनी सरकते. प्रत्येक दिशेला स्टेपर मोटर असते. नेहमीच्या स्टेपर मोटरचा एक फेरा २०० पावलांत पूर्ण होतो. तिला जोडलेला स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एक पाऊल म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. इतक्या बारीक अंतराचा हिशेब माणसाच्या हाताला ठेवता येत नाही. यंत्राला तो आकड्यांनी सांगता येतो.

हे आकडे सांगण्याची भाषा म्हणजे जी-कोड. तिचा बाऊ करण्याचे कारण नाही. जी-शून्य म्हणजे न कापता झपाट्याने अमुक ठिकाणी जा. जी-एक म्हणजे ठरलेल्या वेगाने सरळ रेषेत कापत जा. जी-दोन म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोलाईत जा, जी-तीन म्हणजे उलट दिशेने. एम-तीन म्हणजे पाते फिरव, एम-पाच म्हणजे थांबव. दहावीच्या भूमितीत आलेख काढलेल्या कोणत्याही मुलाला हे एका दुपारी समजते. मग ज्या मुलाला हे समजू शकते, त्याला त्या खोलीबाहेर का उभे केले जाते? या प्रश्नाचे उत्तर यंत्रात सापडत नाही. त्यासाठी इतिहासाकडे जावे लागते.

मिशिगन ते एमआयटी

यंत्राला छिद्रांच्या पट्टीवरून हुकूम द्यायची कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये जॅकार्डच्या मागावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून कापडात नक्षी विणली जात होती. पण धातू किंवा लाकूड कापणाऱ्या यंत्राला आकड्यांवर चालवण्याचा इतिहास दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घडला आणि तो विमानांच्या कारखान्यात घडला.

मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी या गावी जॉन पार्सन्स नावाचे कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवत. पार्सन्स यांच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. पात्याचा आकार वक्र असतो आणि तो अचूक जुळावा लागतो. पूर्वी मोजके बिंदू काढून ते हाताने वक्र पट्टीने जोडत. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी आयबीएमच्या छिद्रपत्रांच्या यंत्रावर गणित करून त्याच वक्राचे २०० बिंदू काढले. बिंदू इतके जवळ आले की कापल्यावर थोडे घासले तरी वक्र तयार. मग पार्सन्स यांच्या मनात आले की माणसाने आकडे वाचून चाके फिरवण्यापेक्षा छिद्रपत्रांनीच थेट यंत्र का हलवू नये?

१९४९ साली अमेरिकी हवाई दलाने पार्सन्स यांना या कामाचे कंत्राट दिले. त्यातला नियंत्रणाचा भाग एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेकडे गेला आणि हळूहळू सारा प्रकल्पच त्या मोठ्या संस्थेच्या हातात गेला. १९५२ साली एमआयटीने कागदी पट्टीवरच्या छिद्रांवरून तिन्ही दिशांना चालणारे मिलिंग यंत्र जगाला दाखवले. त्याच्या नियंत्रणाचे कपाट यंत्राहून मोठे दिसेल इतके होते आणि त्यात शेकडो निर्वात नळ्या होत्या.

बाजारात हे यंत्र खपेना. ते महाग होते आणि छोट्या कारखानदाराच्या आवाक्याबाहेर होते. तेव्हा हवाई दलाने स्वतःच्या पैशाने शंभराहून अधिक यंत्रे विकत घेऊन विमान कंपन्यांच्या कारखान्यांत बसवली. १९५९ साली एमआयटीच्या डग्लस रॉस यांच्या गटाने 'एपीटी' ही प्रोग्रॅमिंगची भाषा जाहीर केली. त्या दिवशी पत्रकारांना यंत्रावर कापलेले ॲल्युमिनियमचे ॲश-ट्रे आठवण म्हणून दिले गेले. त्या ॲश-ट्रेपासून आजच्या देवघराच्या जाळीपर्यंत एकच धागा आहे. आकार आधी आकड्यांत लिहायचा आणि मग यंत्राने तो कापायचा.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवू. 'खासगी उद्योगाची प्रतिभा' म्हणून ज्या तंत्राचे गोडवे गायले जातात, ते सरकारी पैशावर वाढले. सार्वजनिक पैसा लागला नसता तर हे यंत्र गोदामात पडून राहिले असते. दलितांना शिष्यवृत्ती दिली की 'फुकटेपणा' म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.

जो रस्ता सोडून दिला गेला

आता या इतिहासातले सगळ्यात महत्त्वाचे पान. त्याच काळात, १९४६-४७च्या सुमारास, जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत दुसऱ्या पद्धतीवर काम झाले होते. तिचे नाव 'रेकॉर्ड-प्लेबॅक'. कुशल कामगार पहिला नग स्वतःच्या हाताने यंत्रावर बनवायचा. त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जायच्या. पुढचे नग ती फीत चालवून यंत्र आपोआप बनवायचे. म्हणजे इथे प्रोग्रॅम लिहिणारा कामगारच होता. त्याचे ज्ञान फितीवर जात होते, पण त्याच्या हातून जात होते.

ही पद्धत मागे पडली आणि आकड्यांची पद्धत पुढे गेली. असे का झाले? डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' या ग्रंथात याचा शोध घेतला. ज्या एमआयटीत हे यंत्र घडले, तिथेच नोबल शिकवत होते. त्यांचा निष्कर्ष असा की निवड केवळ तांत्रिक गुणांवर झाली नाही. रेकॉर्ड-प्लेबॅकमध्ये कामाची गती आणि पद्धत कामगाराच्या हातात राहत होती. युद्धानंतर अमेरिकेत संपांची लाट आली होती आणि मालकवर्गाला ज्ञान कामगाराच्या हातातून काढून कार्यालयात न्यायचे होते. आकड्यांच्या पद्धतीत प्रोग्रॅम कार्यालयात लिहिला जातो आणि खाली कारखान्यात उरतो तो फक्त बटण दाबणारा.

आम्ही एकांगी लिहू इच्छित नाही. विमानांचे काही आकार असे होते की कितीही कुशल कामगाराला ते हाताने कापणे शक्य नव्हते. तिथे आकड्यांना पर्याय नव्हता, हे मान्य. पण सगळे कारखाने विमानांचे नव्हते. साध्या कामांनाही तीच पद्धत लागू केली गेली आणि तीच 'प्रगती' ठरली. एका रस्त्याला पैसा मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही.

मजेची गोष्ट अशी की कामगाराला वगळून यंत्र नीट चालेना. फितीत चुका असत, पाते बोथट होई, धातू कधी कडक निघे कधी मऊ. बटण दाबणाऱ्याने 'माझे काम नाही' म्हणून हात बांधून उभे राहायचे ठरवले की मालाची रास भंगारात जाई. जनरल इलेक्ट्रिकच्या लिन येथील कारखान्यात साठच्या दशकाच्या अखेरीस मुकादम बाजूला करून या यंत्रांचा विभाग कामगारांच्याच हाती देण्याचा प्रयोग करावा लागला. कामगारांनी तो चालवून दाखवला. पुढे व्यवस्थापनाने तो प्रयोग गुंडाळला, कारण कामगारांना एवढा अधिकार दिल्यावर व्यवस्थापकाचे प्रयोजन काय, हा प्रश्न उभा राहू लागला.

आणि नॉर्वे पाहा. यंत्रे तीच होती. तिथल्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टन न्यूगार्ड यांना सोबत घेऊन स्वतःचा अभ्यास उभा केला. संगणक कारखान्यात येणार तर तो आमच्याशी बोलून येईल, अशी भूमिका घेतली. १९७५ साली त्याबद्दल देशपातळीवर करार झाला. कोंग्सबर्गच्या कारखान्यात यंत्रावरचा कामगार स्वतः प्रोग्रॅम दुरुस्त करू लागला. यंत्र तेच आणि पट्टीही तीच असताना नॉर्वेत काचेची भिंत पडली आणि अमेरिकेत ती उभी राहिली. हा फरक संघटित माणसांनी केला.

आपल्याकडे ही भिंत यंत्राच्या आधीपासून आहे

अमेरिकेत डोके आणि हात वेगळे करायला संगणक लागला. आपल्याकडे हे काम मनुस्मृतीने केव्हाच करून ठेवले होते. ज्याने लिहायचे त्याने हत्यार धरायचे नाही, ज्याने हत्यार धरायचे त्याने लिहायचे नाही, आणि ज्याने मेलेले ढोर ओढायचे त्याने लिहायचेही नाही आणि सुताराच्या वाकसाला हातही लावायचा नाही. गावगाड्यात सुतार बलुतेदार होता, महारही बलुतेदार होता. दोघेही राबत होते. पण महाराच्या पोराला लाकडाची कितीही आवड असली तरी त्याला सुताराच्या अंगणात बसून पटाशी धरायला कोणी शिकवले नसते. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त नेमके हेच दाखवले. जात श्रमाची वाटणी करून थांबत नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि त्यांना एकावर एक रचून ठेवते.

मग यंत्र आले तेव्हा काय झाले? मुंबईच्या कापड गिरण्या हे आपल्या लोकांनी पाहिलेले पहिले मोठे यंत्रयुग. गिरणीत सूतकताईच्या खात्यात अस्पृश्यांना काम मिळे, पण विणाई खात्याचे दार बंद. विणाईत मजुरी जास्त होती. कारण असे सांगितले जाई की धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला सवर्ण कामगार आपले ओठ लावणार नाही. मँचेस्टरहून आलेल्या यंत्रात हिंदू समाजाने स्वतःची जात बरोबर बसवून दिली. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या पुढाऱ्यांना त्यांनी विचारले की तुमच्या एकजुटीत विणाई खात्याचे दार उघडणार आहे की नाही?

म्हणून आम्ही म्हणतो की काचेच्या खोलीबाहेर उभा असलेला आमचा तरुण आणि विणाई खात्याबाहेर उभा असलेला त्याचा पणजोबा यांच्यात एक नाते आहे. आज कोणी ओठांचे कारण सांगत नाही. आज 'अनुभव नाही', 'इंग्रजी नाही', 'आपल्या ओळखीतला नाही' असे सांगतात. काचेच्या खोलीत बसलेला डिझाइनर शेठच्या नात्यातला निघतो. शीट उचलणारे चौघे कुठल्या वस्त्यांतून येतात, हे विचारण्याची गरज पडत नाही.

पण यावरून यंत्रच वाईट, असा निष्कर्ष काढणाऱ्यांपासून सावध राहिले पाहिजे. गांधीवादी मंडळी चरखा आणि ग्रामोद्योग यांच्या नावाने हेच सांगत होती. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींच्या अस्पृश्यविषयक कामगिरीची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथात गांधीवादावर लिहिताना या विचाराचा समाचार घेतला. त्यांचा युक्तिवाद असा होता की यंत्रामुळे जे अनिष्ट परिणाम दिसतात त्यांचा दोष यंत्रावर नाही, खासगी मालकी आणि नफ्यावर उभ्या असलेल्या समाजरचनेवर आहे. जनावरासारखे राबण्यातून माणूस सुटायचा आणि विचार करायला, शिकायला, संस्कृती घडवायला त्याला फुरसत मिळायची, तर यंत्र हवेच. ज्यांच्या पूर्वजांनी कधी ढोर ओढले नाही, त्यांनाच हस्तश्रमात काव्य दिसते.

बाबासाहेब फक्त बोलून थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर १९४२ साली त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात उच्च शिक्षणाबरोबर तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्यावे, असे त्यांनी मांडले. महायुद्धाच्या धामधुमीत, राज्यघटनेच्या कितीतरी आधी, या माणसाला लेथ आणि छपाई यंत्रापाशी आपला मुलगा उभा राहिलेला पाहायचा होता. आपण जयंतीला डीजे लावतो. त्या निवेदनाची आठवण किती जणांना आहे?

वंशाचे ज्ञान आणि फाइलीतले ज्ञान

आता या यंत्राची आपल्या बाजूची गोष्ट. सुताराचे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. लाकडाचे रेषे कुठल्या अंगाने जातात, पटाशी किती तिरकी धरायची, हे जातीच्या कुंपणात राहिलेले ज्ञान होते. सीएनसीने त्यातला मोठा भाग फाइलीत आणला. फाइल आडनाव विचारत नाही. 'वासेट्ठ सुत्ता'त बुद्धांनी सांगितलेच आहे की शेतकरी असो वा कारागीर, माणूस त्या त्या कामाने तो होतो, जन्माने नाही. अडीच हजार वर्षांनी एका यंत्राने हे म्हणणे प्रत्यक्षात आणण्याची सोय केली आहे.

आणि हे यंत्र हवाई दलाच्या कोठारात अडकून राहिले नाही, हाही इतिहास आहे. मायक्रोप्रोसेसर आल्यावर शेकडो नळ्यांच्या कपाटाचे काम एका छोट्या पाटीवर मावू लागले. अमेरिकेत न्यूरोसायन्सचे प्राध्यापक असलेल्या टेड हॉल यांना प्लायवूडच्या होड्या बनवायच्या होत्या आणि कारखान्याचे महाग यंत्र परवडत नव्हते. त्यातून १९९६ साली 'शॉपबॉट' हा छोट्या कार्यशाळेला झेपणारा राउटर आला. अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेने बनवलेले नियंत्रणाचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले झाले आणि त्यातून पुढे 'लिनक्स-सीएनसी' वाढले. २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी 'जीआरबीएल' हा प्रोग्रॅम खुला केला. तो 'आर्डुइनो' नावाच्या तळहाताएवढ्या स्वस्त पाटीवर चालतो आणि जी-कोड वाचून मोटरी हलवतो. ज्यासाठी एकेकाळी हवाई दलाची तिजोरी लागली, ते ज्ञान आज फुकट उतरवून घेता येते.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न टिकलेली खेड्यातली मुले हाताने काम करत शिकू शकतात, हा त्यांचा विचार. एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांनी 'फॅब लॅब'ची कल्पना मांडली, म्हणजे सामान्य माणसाला संगणकावर चालणारी यंत्रे वापरता येतील अशी कार्यशाळा. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२च्या सुमारास याच पाबळला उभी राहिली. ज्या संस्थेत १९५२ साली ज्ञान कामगाराच्या हातून कार्यालयात गेले, त्याच संस्थेतून पन्नास वर्षांनी ते शिरूर तालुक्यातल्या एका गावात आले. तेव्हा 'हे आपल्यासाठी नाही' असे म्हणण्याचे कारण उरत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप आमचे ओबीसी बांधव घेतील. सीएनसीने सुताराच्या पोटावर पाय दिला, त्याचे तुम्ही कौतुक कसे करता? हा आक्षेप खरा आहे. महिनाभर कोरायचा दरवाजा यंत्र दिवसा-दोन दिवसांत काढते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे नक्षीकाम एका फाइलीत जाऊन हजार ठिकाणी कापले जाते. त्या सुताराला त्याचा छदामही मिळत नाही. पण त्याच्या हातातले काम कोणी काढून घेतले? आमच्या पोराने घेतले नाही. यंत्राची मालकी असलेल्याने घेतले. तो सुतार आणि आमचा भुसा झाडणारा तरुण एकाच भिंतीच्या एकाच बाजूला उभे आहेत. लाकूड कसे वागते हे सुताराला ठाऊक आहे, आकडे आमचा तरुण शिकेल. दोघे एकत्र आले तर शेठची गरज कशाला? बहुजन ऐक्य व्यासपीठावर होत नसेल तर ते कार्यशाळेत करून पाहावे.

दुसरा मुद्दा सरकारचा. १७ सप्टेंबर २०२३ला केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा पारंपरिक व्यवसाय, त्यात सुतारही. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. कारागिराला मदत मिळावी, यात वाद नाही. पण योजनेच्या उद्दिष्टात गुरू-शिष्य परंपरा आणि कुटुंबाधारित कौशल्य जोपासण्याची भाषा आहे. कुटुंबाधारित म्हणजे काय, हे ज्याला कळत नाही त्याने जातीच्या दाखल्यांकडे पाहावे. १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा पेरियारांनी तिला कुलशिक्षण म्हणून झोडपले आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती रद्द झाली. ज्या काळात एका फाइलीने वंशाचे कुंपण ओलांडता येते, त्या काळात सरकारने कुंपणालाच रंग देत बसावे, हा योगायोग आम्हाला वाटत नाही. हात आणि हत्यार यांची मदत जातीने वाटायची आणि संगणकाची खोली 'गुणवत्ते'साठी राखून ठेवायची, ही जुनीच वाटणी आहे.

आपण काय करायचे

एक, कारखान्यात काम करणाऱ्या आपल्या पोरांनी 'सीएनसीवर आहे' एवढ्यावर समाधान मानू नये. प्रोग्रॅम कोण लिहितो, पाते कोण निवडतो, वेग कोण ठरवतो, हे विचारावे आणि शिकावे. नॉर्वेच्या कामगारांनी हेच विचारले होते.

दोन, भुसा हा किरकोळ विषय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणारी म्हणून नोंदवली आहे. एमडीएफ तर फॉर्मल्डिहाइडच्या राळेने चिकटवलेला लाकडाचा बारीक तंतूच असतो आणि फॉर्मल्डिहाइडही त्याच यादीत आहे. धूळ ओढणारे यंत्र आणि योग्य मास्क ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. रुमाल हा मास्क नाही. कारखान्यातली सगळ्यात घाणेरडी हवा कोणाच्या वाट्याला येते, हा जातीचाही प्रश्न आहे.

तीन, विहार हे केवळ वंदनेचे ठिकाण राहू नये. एक जुना संगणक, खुले सॉफ्टवेअर आणि शिकवणारा एक माणूस एवढ्यावर सुरुवात होते. लिनक्स-सीएनसी यंत्र नसतानाही पडद्यावर चालवून पाहता येते. पुढे पाच-दहा जणांनी सहकारी तत्त्वावर एक राउटर घेतला तर मालकीचा प्रश्नही सुटू लागतो. दरवर्षी दीक्षाभूमीला आणि चैत्यभूमीला एमडीएफ आणि ॲक्रिलिकमध्ये कापलेल्या बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमा घेऊन लोक घरी जातात. त्या कोणाच्या यंत्रावर कापल्या गेल्या आणि त्यातला पैसा कुठे गेला, याचा हिशेब आपण कधी मांडला आहे का?

आमच्या त्या तरुणाचे सांगून थांबतो. तो अजून त्याच कारखान्यात आहे. शनिवार-रविवारी विहारातल्या जुन्या संगणकावर तो बसतो. पहिल्यांदा त्याने हाताने कोड लिहून पडद्यावर एक चौकोन काढला, तेव्हा शेवटची रेघ चुकली आणि चौकोन उघडाच राहिला. पुढच्या रविवारी तो जुळला. आता त्याच्याकडे वस्तीतली आणखी तिघे शिकायला येतात, त्यात दोन मुली आहेत. मागच्या महिन्यात त्याने शेठला काचेच्या खोलीत बसवण्याबद्दल विचारले. शेठ म्हणाला, पाहू.

'पाहू' हा शब्द आपल्या समाजाने फार ऐकला आहे. चवदार तळ्यावर आपण 'पाहू' ऐकून परत फिरलो नव्हतो. त्या खोलीची काच अमेरिकेतून आली असेल, तिची चौकट मात्र इथलीच आहे, आणि ती कशी काढायची हे आपल्याला शंभर वर्षांपासून माहीत आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.